आधी पाकिटातल्या गोळ्या मोजा

येरमाळ्याच्या बाजूला कुणाच्या छातीत कळ आली की धावपळ होते ती कळंबला, बार्शीला किंवा धाराशिवला. आणि अँजिओप्लास्टी करायची तर बहुतेकांना पुढे सोलापूर नाहीतर लातूर गाठावं लागतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसतो, चार-पाच दिवसांत माणूस सोलापूर-धुळे महामार्गावरच्या फाट्यावर उतरून घरी येतो. सोबत एक फाइल असते, फाइलीत अँजिओग्राफीची सीडी आणि गोळ्यांची लांबलचक चिठ्ठी. पहिल्या आठवड्यातली भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली की घरात एकच प्रश्न उरतो, परत झटका येईल का? अशा वेळी शहरातला एखादा नातेवाईक फोनवर सांगतो, ‘प्लेटलेटची एक खास चाचणी असते. गोळी लागू पडतेय की नाही ते तिच्यात कळतं. पुण्याला आणा, करून घेऊ.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि प्रश्नही रास्त असतो. पण उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर बहुतेक रुग्णांच्या बाबतीत त्या चाचणीचा नंबर बराच खाली लागतो. तिच्याआधी करायची एक तपासणी आहे आणि ती घरच्या घरी, फुकटात होते. हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. स्टेंटनंतरच्या गोळ्यांना सगळे ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या’ म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पाण्यासारखं पातळ होत नसतं. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या फिरत असतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हटलेलं असतं. कुठे जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. स्टेंट ही धातूची जाळी. शरीराच्या लेखी ती परकी वस्तू, म्हणून तिच्यावर आतल्या बाजूने अस्तर चढेपर्यंत प्लेटलेट तिथे गोळा होण्याचा धोका असतो. तसं झालं तर स्टेंट बंद पडतो आणि झटका येतो, तोही बहुधा मोठा. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची दुसरी गोळी, म्हणजे क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, प्लेटलेटचा हा चिकटपणा मोडून काढतात. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ज्या प्लेटलेटला भिडतात ती मरेपर्यंत निकामी राहते. मात्र प्लेटलेटचं आयुष्यच सात ते दहा दिवसांचं. शरीर रोज साधारण दहावा हिस्सा नव्या प्लेटलेट तयार करतं आणि त्या नव्या प्लेटलेटना कालची गोळी ठाऊक नसते. रोज गोळी घ्यायची ती यासाठी. आणखी एक घोळ ‘पेशीं’चा. डेंग्यूच्या दिवसांत ‘पेशी कमी झाल्या’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. तिथे प्लेटलेटची संख्या मोजलेली असते, दीड लाख ते साडेचार लाख ही तिची नेहमीची मर्यादा. आपण ज्या चाचणीबद्दल बोलतोय ती संख्या मोजत नाही, चिकटण्याची ताकद मोजते. संख्या उत्तम असूनही गोळीचा परिणाम कमी असू शकतो, आणि याच्या उलटही घडू शकतं.

या चाचणीचं मूळ रूप १९६२ सालचं, गुस्ताव बॉर्न या शास्त्रज्ञाने बसवलेलं. रक्तातला गढूळ द्रव काचेच्या नळीत घ्यायचा, त्यातून प्रकाश सोडायचा आणि प्लेटलेटना गुठळी करायला लावणारं रसायन टाकायचं. प्लेटलेट एकत्र झाल्या की गढूळपणा फिटतो आणि प्रकाश जास्त पलीकडे जातो. आज ‘व्हेरिफायनाऊ’सारखी छोटी यंत्रं हेच काम काही मिनिटांत करतात. रक्ताची लहान नळी यंत्राच्या कुपीवर बसवली जाते, आत प्रथिनाचा थर दिलेले बारीक मणी असतात, प्लेटलेट त्यांना चिकटतात आणि पडद्यावर एक आकडा येतो. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याचा आकडा २०८ च्या वर गेला तर गोळीचा परिणाम अपुरा, असा सर्वसाधारण संकेत आहे. खेड्यातल्या वाचकाने इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. प्लेटलेट ही जिवंत, चटकन बिघडणारी वस्तू आहे. रक्त काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत ही चाचणी व्हावी लागते, आणि नमुना हेलकावला किंवा फ्रिजमध्ये ठेवला तरी निकाल बिघडतो. म्हणजे साखर-थायरॉइडच्या नमुन्यासारखं हे रक्त गावात काढून संध्याकाळच्या गाडीने मोठ्या लॅबला धाडता येत नाही. माणसालाच यंत्रापर्यंत जावं लागतं. तालुक्याच्या लॅबमध्ये होणाऱ्या ‘पीटी-आयएनआर’ आणि ‘बीटी-सीटी’ या तपासण्यांचा इथे उपयोग नाही. आयएनआर ही वॉरफॅरिनसारख्या वेगळ्या औषधांसाठी असते. ती नॉर्मल आली म्हणून क्लोपिडोग्रेल लागू पडत नाही असं ठरत नाही, आणि पडतेय असंही नाही.

आता पुराव्याकडे वळू. आकडा वाईट आलेल्यांना धोका जास्त असतो हे खरं आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अडॅप्ट-डेस’ या अभ्यासात स्टेंट बसवलेले साडेआठ हजारांहून अधिक रुग्ण होते. २०८ च्या वर आकडा असलेल्यांमध्ये वर्षभरात स्टेंट बंद पडण्याचा धोका इतरांच्या सुमारे अडीच पट निघाला. हे वाचून कुणीही म्हणेल, मग सगळ्यांचीच तपासणी करा आणि ज्यांचा आकडा वाईट त्यांचं औषध वाढवा. नेमकं हेच करून पाहिलं गेलं. २०११ च्या ‘ग्रॅव्हिटास’ चाचणीत आकडा वाईट आलेल्या २,२१४ रुग्णांपैकी निम्म्यांना क्लोपिडोग्रेलचा दुप्पट डोस दिला, निम्म्यांना नेहमीचा. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू, झटके आणि बंद पडलेले स्टेंट मिळून प्रमाण २.३ टक्के, अगदी दशांशापर्यंत सारखं. फ्रान्समध्ये २०१२ साली ‘आर्क्टिक’ झाली, २,४४० रुग्णांची. तपासून उपचार बदललेल्यांत वाईट घटना ३४.६ टक्के, न तपासता नेहमीचे उपचार दिलेल्यांत ३१.१ टक्के, म्हणजे तपासण्याचा फायदा दिसला नाही. २०१६ च्या ‘अँटार्क्टिक’मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेले ८७७ रुग्ण होते, तिथे २७.६ आणि २७.८. तीन वेळा तोच अनुभव आला. याचा अर्थ असा लावावा लागतो की वाईट आकडा धोक्याची खूण दाखवत असला तरी बऱ्याचदा त्या धोक्याचं मूळ नसतो. ज्यांचा आकडा वाईट येतो त्यांच्यात मधुमेही, वयस्कर, किडनी अशक्त झालेले लोक जास्त असतात. त्यांचा धोका या कारणांनीच वाढलेला असतो. गोळी दुप्पट केल्याने मधुमेह कमी होत नाही.

यावर जाणकाराचा आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘ग्रॅव्हिटास’मध्ये दिलेला उपायच लेचापेचा होता, क्लोपिडोग्रेल दुप्पट करण्याऐवजी जास्त ताकदीची गोळी दिली असती तर निकाल वेगळा आला असता, असं तो म्हणेल. हे काही अंशी पटण्यासारखं आहे. २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा अनेक अभ्यासांतल्या मिळून वीस हजारांवर रुग्णांचा एकत्रित हिशेब छापून आला, त्यात प्लेटलेटची किंवा जनुकाची तपासणी करून गोळी निवडलेल्यांत हृदयाच्या गंभीर घटना सुमारे एक पंचमांशाने कमी होत्या. त्याआधी २०१७ च्या ‘ट्रॉपिकल-एसीएस’ने वेगळाच उपयोग दाखवला होता. सुरुवातीला ताकदीची गोळी द्यायची, नंतर चाचणी करून ज्यांना चालेल त्यांना सौम्य गोळीवर आणायचं. तसं केल्याने धोका वाढला नाही. म्हणून ही चाचणी निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. मात्र युरोप-अमेरिकेच्या हृदयरोग संघटना आजही सरसकट प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करा असं सांगत नाहीत. निवडक रुग्णांत, डॉक्टरच्या विचाराने, इतकीच मुभा देतात.

दुसरा आक्षेप आपल्या लोकांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं एक विकर तिला कामाला लावतं आणि ते विकर बनवणारं जनुक काही लोकांत मुळातच कमजोर असतं. भारतीय उपखंडातल्या लोकांत हे कमजोर जनुक युरोपियांपेक्षा बरंच जास्त आढळतं. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ५७ टक्के लोक या कमजोर गटात निघाले. ज्यांच्याकडे दोन्ही प्रती कमजोर होत्या त्यांच्यात क्लोपिडोग्रेल घेत असताना पुन्हा झटका येण्याची शक्यता तिपटीच्या आसपास होती. मग आपल्याकडे तर प्रत्येकाची तपासणी व्हायलाच हवी, नाही का? माझं उत्तर असं, की जनुकाची शंका असेल तर जनुकाचीच तपासणी करावी. ती आयुष्यात एकदाच पुरते, निकाल रोज बदलत नाही आणि तिचं रक्त दूर पाठवताही येतं. त्याहून सरळ वाट म्हणजे तपासणीच्या फंदात न पडता टिकाग्रेलॉर देणं. तिला यकृताच्या त्या विकराची गरज लागत नाही. २००९ च्या ‘प्लॅटो’ या १८,६२४ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातले मृत्यू, झटके आणि लकवे मिळून क्लोपिडोग्रेलवर ११.७ टक्के आणि टिकाग्रेलॉरवर ९.८ टक्के होते. तिच्या अडचणीही आहेत. रक्तस्राव थोडा जास्त, काहींना धाप लागल्यासारखं होतं, किंमत जास्त, आणि ती दिवसातून दोनदा घ्यावी लागते. हिचा परिणाम लवकर ओसरतो, त्यामुळे एक-दोन डोस चुकले तरी ते महागात पडतात. आणि इथेच आपण मूळ मुद्द्यावर येतो.

कोणतीही गोळी लागू पडण्यासाठी आधी ती पोटात जावी लागते. हे वाक्य बालिश वाटेल, पण सगळ्यात भक्कम पुरावा याच बाजूचा आहे. ‘प्युअर’ हा १७ देशांतला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारत कमी उत्पन्नाच्या देशांत धरला होता. या देशांत पूर्वी हृदयविकार किंवा लकवा होऊन गेलेल्यांपैकी ॲस्पिरिनसारखी गोळी घेणारे ९ टक्केसुद्धा नव्हते आणि ८० टक्के लोक या आजाराची एकही सिद्ध गोळी घेत नव्हते. खेड्यांत परिस्थिती शहरांपेक्षा वाईट होती. अमेरिकेत २००६ साली औषधाचा थर असलेला स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांच्यापैकी सातातल्या जवळजवळ एकाने महिन्याच्या आत दुसरी गोळी बंद केली होती, आणि पुढच्या अकरा महिन्यांत अशांपैकी ७.५ टक्के दगावले. गोळी चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होतं. बंद करणारे लोक कोण होते? वयस्कर, कमी शिकलेले, खर्चामुळे दवाखाना टाळणारे, आणि घरी जाताना औषधांबद्दल नीट सूचना न मिळालेले. अमेरिकेतली ही यादी आपल्या भागातली वाटावी इतकी ओळखीची आहे. २०१३ च्या ‘पॅरिस’ या पाच हजार रुग्णांच्या नोंदीत आणखी बारकाई आहे. डॉक्टरच्या सल्ल्याने, ठरल्या वेळी गोळी थांबवलेल्यांचा धोका वाढला नाही. पण मनाने किंवा रक्तस्रावामुळे अचानक गोळी तुटलेल्यांत पहिल्या सात दिवसांत धोका सुमारे सात पट झाला. गोळी सोडणारे मुळातच जास्त आजारी असतील, म्हणून आकडे फुगले असतील, ही शंका घेता येते आणि काही प्रमाणात ती खरीही असेल. पण नव्या प्लेटलेट रोज तयार होतात हे लक्षात घेतलं तर त्या सात दिवसांचा अर्थ आपोआप लागतो.

तेव्हा पहिली तपासणी अशी. महिन्याच्या शेवटी गोळ्यांचं पाकीट उताणं करा आणि फोडलेली घरं मोजा. रोज एक गोळी असेल तर तीस दिवसांत तीस गोळ्या संपायला हव्यात. चार उरल्या असतील तर ‘गोळी लागू पडत नाही’ याचं उत्तर तुमच्या हातात आहे. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही. अनेकांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकाच कॅप्सूलमध्ये दिलेली असते. ती एक चुकली की तिन्ही चुकतात, हेही ध्यानात असू द्या. गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवताक्षणी घ्या, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घेऊ नका.

गोळी तुटते कुठे, तर नेहमीच्याच ठिकाणी. कळंब, वाशी, भूम या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा मुक्काम दिवाळीच्या आसपास हलतो तो थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. कोप्यांवर राहताना फाइल गावी राहते आणि औषधाचं नाव कुणाला सांगता येत नाही. निघतानाच दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या घ्याव्यात आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असावा. तशी सोय होत नसेल तर जिथे मुक्काम तिथल्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी दाखवावी. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि जन औषधी केंद्रातली जेनेरिक गोळी तेच काम स्वस्तात करते. दुसरी जागा उपासाची. येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेत चुनखडी वेचायला उन्हातान्हात चालणारे, नवरात्रात नऊ दिवस धरणारे भाविक कितीतरी. पाण्यासोबतच्या गोळीने उपास मोडत नाही. साखरेच्या गोळ्या-इन्सुलिनचं मात्र उपासाआधी डॉक्टरांना विचारावं, कारण तिथे हिशेब वेगळा. तिसरी जागा दाताची. दाढ काढायची म्हणून चार दिवस गोळ्या बंद, हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. साध्या दाढेसाठी किंवा मोतीबिंदूसाठी या गोळ्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. दातांच्या डॉक्टरला बोळा दाबून, टाका घालून रक्त थांबवता येतं. कुठल्याही ऑपरेशनसाठी गोळी थांबवायची की नाही हे स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवू नये. आणि ‘गोळी गरम पडते’ म्हणून एक दिवसाआड घेणारे, त्यांची संख्या तर विचारूच नका.

दुसरी तपासणी मेडिकलच्या काउंटरवरची. छातीत जळजळ होते म्हणून लोक ॲसिडिटीची गोळी परस्पर घेतात. त्यातली ओमेप्रॅझोल ही क्लोपिडोग्रेलला कामाला लावणाऱ्या त्याच विकराच्या आड येते. प्रत्यक्ष हृदयावर तिचा किती वाईट परिणाम होतो याबद्दल अभ्यासांत एकमत नाही, पण पँटोप्रॅझोल सहज मिळत असताना हा वाद अंगावर घेण्यात अर्थ नाही. आयबुप्रोफेन असलेली अंगदुखीची गोळी ॲस्पिरिनच्या आधी पोटात गेली तर ॲस्पिरिनची जागा अडवून बसते. कंबर धरली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन टोचून घ्यायची सवय तर हृदयरुग्णाने सोडलीच पाहिजे. त्याने पोटातून रक्तस्राव आणि हृदयाचा त्रास, दोन्हींचा धोका वाढतो. एक गमतीची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. ‘ॲस्पिरिन लागू पडत नाही’ अशा लोकांचा शोध घेण्यासाठी २०१३ साली अमेरिकेत ४०० निरोगी लोकांवर प्रयोग झाला. खरोखर दाद न देणारा एकही सापडला नाही. परिणाम कमी दिसला तो गोळीच्या वेष्टनामुळे. पोटाला त्रास नको म्हणून चढवलेला थर उशिरा विरघळतो आणि औषध रक्तात उशिरा पोहोचतं. यंत्राने ज्यांना ‘नापास’ केलं असतं ती माणसं नव्हे, त्यांच्या गोळीची कल्हईच आडवी आली होती.

‘पैसे आहेत, तर करून घ्यायला काय हरकत?’ असंही काहीजण विचारतात. हरकत अशी की एकदा आलेल्या आकड्याने माणूस निर्धास्त होतो किंवा घाबरतो आणि दोन्ही वेळा चुकीचं वागू शकतो. चांगला आकडा आला की आठवड्यातून एखादी गोळी चुकली तरी चालेल असं वाटू लागतं. वाईट आला की जास्त ताकदीची गोळी मागितली जाते, आणि जास्त ताकद म्हणजे जास्त रक्तस्राव. साठ किलोंपेक्षा कमी वजनाच्या, पंचाहत्तरीच्या किंवा पूर्वी लकवा झालेल्या माणसाला प्रासुग्रेलसारखी गोळी घातकही ठरू शकते. लकवा झालेल्याला तर ती देतच नाहीत. मग चाचणी कुणी मागावी? गोळ्या एकही दिवस न चुकवता ज्याचा स्टेंट बंद पडला त्याने. मुख्य रक्तवाहिनीत किंवा अवघड जागी स्टेंट असून ज्याला क्लोपिडोग्रेलवरच ठेवावं लागतंय, त्याच्या डॉक्टरला वाटलं तर त्याने. बायपासची तारीख ठरवण्यापूर्वी गोळीचा असर किती ओसरला हे पाहायचं असेल तर सर्जन स्वतःच सांगतील. यापैकी कशातच तुम्ही बसत नसाल तर तो खर्च आणि तो प्रवास वाचवा आणि त्या पैशात सहा महिन्यांच्या गोळ्या, साखर आणि रक्तदाबाची तपासणी करून घ्या. तंबाखू सोडायला तर पैसेच लागत नाहीत.

डांबरासारखी काळी शौच होऊ लागली, न थांबणारा घोळणा फुटला तर गोळी मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. छातीत पुन्हा तशीच कळ आली, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला तर सकाळची वाट पाहू नका. भारतातल्या वीस हजारांवर रुग्णांच्या ‘क्रिएट’ नोंदीत दुखणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोहोचायला निम्म्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून जास्त लागले होते, आणि त्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव चालू नसेल तर ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची, थर नसलेली ॲस्पिरिन चावून घ्या.

शेवटचं काम दवाखान्यातून निघण्यापूर्वीचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून स्टेंट बसला असेल तर पुढच्या तपासण्या आणि औषधांचं काय, हे आरोग्यमित्राला तिथेच विचारून घ्या. झटक्यानंतर बहुतेकांना दोन गोळ्या वर्षभर घ्याव्या लागतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर डॉक्टर ही मुदत कमी करतात, आणि त्यानंतर एक गोळी सहसा कायमची. ‘दोन्ही गोळ्या चालू ठेवणे’ एवढंच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल तर कार्ड तसंच घेऊन निघू नका. दुसरी गोळी कुठल्या तारखेपर्यंत, ती तारीख डॉक्टरांकडून त्याच कार्डावर लिहून घ्या.